ठिपका कुठं पाडू?

धावडा गावच्या कडूबा फोटोवाल्यानं जालन्याहून सेकंडहँड डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा त्याच्या बायकोनं, शिवकन्यानं, पहिला सवाल केला तो हाच की ह्यात रोल कुठून घालायचा. कडूबा ऐटीत म्हणाला, "रोल लागतच न्हाई." तिला दारात उभं करून त्यानं फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर दाखवला. शिवकन्यानं निरखून पाहिलं. "समदं ठीक हाय, पण माझ्या नाकावर हे काय बसलंय?"

नाकावर लाल ठिपका होता, मोहरीएवढा. कडूबानं पडदा पुसला, काच पुसली, शेवटी शिवकन्याचं नाकही पुसलं. ठिपका हलेना. भिंतीचा फोटो काढला तर भिंतीवर, आभाळाचा काढला तर आभाळात, दर वेळी एकाच जागी, मधोमधच्या जरासा वर. त्यानं बूथवर जाऊन जालन्याला फोन लावला. ज्यानं कॅमेरा विकला होता तो म्हणाला, "एवढ्या स्वस्तात बिनठिपक्याचा कुठं मिळतो, राव?" आणि फोन ठेवून दिला.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. ठिपका ही काही त्या कॅमेऱ्याची एकच खोड नव्हती. सेलचं झाकण रबरबँडनं बांधून ठेवावं लागायचं. आणि बटन दाबलं की तो "टुईं" असा आवाज करायचा, थोडा विचार करायचा आणि दोन श्वास झाल्यावर मग सावकाश फोटो काढायचा. तेवढ्यात हसलेला माणूस हसून मोकळा झालेला असायचा. पहिल्याच लग्नात नवरदेवाच्या ओठाखाली ठिपका आला, तर मुलीच्या मामानं अल्बम परत पाठवला. नवरदेव पान खाऊन बोहल्यावर उभा होता का, असा त्याचा सवाल होता. कडूबाला वाटलं, कॅमेरा उचलावा आणि विहिरीत टाकावा.

त्याला वाचवलं शाळेतल्या सत्यशीला बाईंनी. त्या दाखल्यासाठी फोटो काढायला आल्या होत्या. त्यांनी चार फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले आणि म्हणाल्या, "आत एक कण जळालाय, कडूबा. तो कायम लालच दिसणार. ह्यात देव नाही आणि भूतही नाही. माझ्या वेळी ठिपका हातातल्या पुस्तकावर पाडा, म्हणजे झालं."

पाडा. हा शब्द कडूबाच्या डोक्यात शिरला. ठिपका येतो असं त्याला आजवर वाटत होतं, तो पाडताही येतो हे त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं शिवकन्याची नेलपॉलिश घेतली आणि पडद्यावर नेमक्या त्या जागी बारीकशी फुली मारली. मग काय, गडी सुटलाच. सवाशिणीची फुली कपाळावर धरायची, ठिपक्याचं कुंकू व्हायचं. शेखभाईंची धरायची खिशातल्या पेनावर. विधवा बाईची पदराच्या काठात, सरपंचाची फेट्यात. विम्यासाठी एका म्हशीचा फोटो काढला, तो ठिपका तिच्याही कपाळावर गेला. कागदावर ओळखीची खूण म्हणून "कपाळी लाल ठिपका" असं लिहिलं गेलं. पुढं साहेब तपासणीला आले, म्हशीचं कपाळ बोटानं चोळून चोळून दमले. मालक शांतपणे म्हणाला, "आत्ताच धुतली साहेब, गेला असंल."

सहा महिन्यांत असं झालं की कडूबाला बिनठिपक्याचा फोटो उघडा उघडा वाटायला लागला. गोठ्यातल्या लंगड्या गाईवर माणसाचा जरा जास्तच जीव बसतो, तसा त्याचा त्या कॅमेऱ्यावर बसला. आता सगळं सुखात चाललं असतं. पण गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं.

झालं असं, की बेबीनंदाचा नवरा ट्रक घेऊन गुजरातला गेल्ता. तिनं फोटो काढला तेव्हा तिची टिकली पडली होती, आणि फोटोत कपाळावर कुंकू आलं. त्याच दिवशी तिकडं ट्रक उलटला आणि नवरा कपडे झटकत बाहेर आला. बस्स. कॅमेऱ्यानं कुंकू लावलं म्हणून नवरा वाचला, ही बातमी दुपारपर्यंत भोकरदनला पोचली. बायका रांग लावून फोटो काढायला यायला लागल्या. त्यात तुळजाबाईच्या वेळी कडूबाला शिंक आली आणि ठिपका तिच्या गालावर घसरला. तिचा नवरा पुंजाराम घरी ओसरीवर भाकर खात बसला होता. तिनं त्याच्या पुढचं ताट उचललं, त्याला आडवा केला आणि वर दोन गोधड्या टाकल्या. चार दिवस त्याला पेज पाजली. डॉक्टर म्हणाला काही झालेलं नाही, तर ही म्हणाली, तुमच्यापरीस कॅमेऱ्याला जास्त कळतं. पाचव्या दिवशी नवा फोटो काढला, ठिपका बराबर कपाळावर आला, तेव्हा कुठं पुंजारामला उठायची परवानगी मिळाली. गंमत म्हणजे तोवर त्यालाही खरंच अशक्तपणा आल्ता.

कडूबा सांगून सांगून थकला की बाबांनो, फुली मी धरतो, ठिपका मी पाडतो. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तुझ्या हातून पाडून घेतोय ना तो."

आणि मग ह्या सगळ्यात त्याची आत्या सापडली.

चतुराबाई ही कडूबाच्या बापाची बहीण, गावातच दिलेली. तिचा नवरा अप्पाराव हा उंचीनं तिच्याएवढाच, लोक त्याला बुटका अप्पाच म्हणत. मारुतीचा मोठा भक्त. एका शनिवारी कपाळाला शेंदराचा टिळा लावून तो परतूरला बियाणं आणायला गेला, त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. बियाणं आलं नाही आणि अप्पारावही आला नाही. मूलबाळ नव्हतं. त्याच्या नावावरचं चार एकर वावर धाकटा दीर वसंता कसत होता. नवरा मेला असं कागदावर लागलं असतं, तर वावर आत्याच्या नावावर झालं असतं. त्या कागदाला वसंताची सही लागत होती, आणि वसंता म्हणायचा, "दादा जिता हाय. येईल तवा त्याचं त्याच्या हवाली करीन." मग आत्या रोज सकाळी नवरा जिता म्हणून कपाळाला कुंकू लावायची आणि त्याच जित्या नवऱ्याच्या वावरात दिराकडं मजुरीनं खुरपायला जायची. हे गाव एकवीस वर्षं बघत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आत्यानं सहीसाठी पुन्हा एकदा विषय काढला, तेव्हा वसंताला कॅमेरा आठवला. तो चारचौघांत म्हणाला, "वहिनी, शनिवारी कुंकू पुसून मारुतीच्या पारापुढं उभी राहा. कॅमेऱ्यानं कुंकू लावलं तर दादा जिता, मंग हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. न्हाई लावलं तर मी सही करतो." वसंता काही वेडा नव्हता. कडूबाचा ठिपका बाईच्या कपाळावरून हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी आत्या कडूबाच्या दुकानात आली. स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

"खरं सांग कडूबा. ह्याला कळतं का?"

कडूबाला आत्याशी खोटं बोलता येत नव्हतं. "न्हाई आत्या. आत एक कण जळालेला हाय. मी धरीन तिथं ठिपका पडतो. तू बिलकुल काळजी करू नको. उद्या मी तुझ्या पदरावर धरतो. कपाळ मोकळं, वसंताची सही, वावर तुझं."

त्याला वाटलं, आत्या खूश होईल. आत्याचा चेहरा उतरला.

"मला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "कुणाला तरी ठावं हाय."

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाला शंभरदा सांगितलं ते कुणी ऐकलं नाही, आणि जिनं ऐकायला नको होतं तिनं पहिल्या झटक्यात ऐकलं. आत्या उठली. दारातून म्हणाली, "पदरावर न्हाई धरायचं. बराबर कपाळावर धर."

"आत्या, मंग तर वसंता जिंकला."

"तू तुझं काम कर."

शनिवारी सकाळी पारापुढं जत्रा भरावी तशी माणसं जमली. आत्या कुंकू पुसून आली. एकवीस वर्षांच्या कुंकवाखालची कातडी गोरी राहिली होती, तेवढा गोल डाग कपाळावर दिसत होता. कडूबाला रडू यायला लागलं, पण फुली हलता कामा नये म्हणून त्यानं दात आवळले. सांगितल्याप्रमाणं फुली कपाळावर धरली आणि बटन दाबलं.

टुईं.

आता दोन श्वास. पहिल्या श्वासाला आत्यानं डावीकडं पाहिलं. दुसऱ्या श्वासाला तिनं एक पाऊल बाजूला टाकलं, एसटीत शेजारच्याला जागा द्यावी इतक्या सहज. आणि मग कॅमेऱ्यानं फोटो काढला.

वसंतानं झडप घालून कॅमेरा हातात घेतला. फोटोत एका बाजूला आत्या उभी होती, कपाळ मोकळं. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. आणि त्या कुणी नसलेल्या जागेत, आत्याच्या कपाळाच्या उंचीवर, हवेत लाल ठिपका होता.

"हे काय?" वसंता म्हणाला.

"ठिपका," कडूबा म्हणाला.

"ते दिसून राह्यलं. पण हा कुणाच्या कपाळावर हाय?"

मग पुंजाराम पुढं आला. कॅमेऱ्यामुळं चार दिवस आजारी पडलेला गावातला तो एकटाच माणूस, म्हणून ह्या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं पडदा डोळ्याला लावला. "वसंता, उंची बघ," तो हळूच म्हणाला. "वहिनीच्या बरोबरीची. आन रंग शेंदराचा. आन आज वार कोणता?"

"शनिवार," वसंता म्हणाला.

"जिता माणूस फोटोत दिसतो," पुंजाराम पुढं म्हणाला. "दिसत न्हाई, आन टिळा लावून बायकोशेजारी उभा हाय. आता काय समजायचं ते समजून घ्या."

सगळ्यांनी एकदम त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं आणि दोन दोन पावलं मागं सरकले. कुणीतरी तिथं सतरंजी अंथरली. तुळजाबाईनं डोक्यावरून पदर घेतला. हॉटेलवाल्यानं एक कप चहा आणून सतरंजीवर ठेवला आणि साखर जास्त टाकलीय असं हवेला सांगितलं. वसंता सतरंजीपुढं गुडघ्यांवर आला, हात जोडले. "दादा, माफ कर. हिरीवरची मोटर चोरीला गेली न्हाई, मी इकली. तुरीच्या पैशाचंबी खोटं सांगितलं. सही करतो, सोमवारी करतो." चहा गार व्हायला लागला, तशी त्यानं सही आजच करतो असं कबूल केलं, आणि सूर्य मावळायच्या आत केलीही.

दोन दिवस लोक त्या जागेला वळसा घालून जात होते. कडूबा मात्र त्याच संध्याकाळी आत्याच्या घरी गेला. ती चुलीपुढं बसली होती. कपाळाला परत काही लावलेलं नव्हतं.

"आत्या, तू मुद्दाम सरकली."

"सरकले."

"ते त्याला तिथं उभा समजून राह्यले."

"समजू दे. मी एकवीस वरसं त्याची जागा धरून उभी व्हते, कडूबा. कुणालाच काय ठावं न्हाई, तर मंग मी तरी किती दिवस धरायची? म्हनलं, घे बाबा, तुझी तुला." आणि ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि कडूबाही रडला, आणि तव्यावरची भाकर जळून गेली.

दिवाळीनंतर वावर आत्याच्या नावावर झालं. त्याच सुमाराला जालन्याच्या विकणाऱ्याचा निरोप आला, की नवा कॅमेरा आलाय, ठिपक्याचा आणून द्या, बदलून देतो. कडूबानं उलटा निरोप धाडला, "बिनठिपक्याचा आमच्याकडं चालत न्हाई." शिवकन्यानं नेलपॉलिशची नवी बाटली आणून दिली, कारण जुनी फुली घासून गेली होती.

मग आत्यानं त्याला वावरात बोलावलं. तिला स्वतःचा फोटो हवा होता, तुरीत उभं राहून, एकटीचा. नवं लुगडं नेसली होती. मागं भाड्यानं आणलेले बैल उभे होते. कडूबानं झाकणाचा रबरबँड नीट केला, डोळा लावला आणि सवयीनं विचारलं, "आत्या, ठिपका कुठं पाडू?"

आत्यानं पदर खोचला.

"त्याला म्हण," ती म्हणाली, "आता तुझं तू बघ."

कडूबानं फुलीकडं न बघता बटन दाबलं. टुईं झालं, दोन श्वास गेले, आणि आत्या होती तिथंच उभी राहिली. ठिपका बैलाच्या वशिंडावर आला. तो फोटो आत्यानं मोठा करून घरात लावलाय.