पहारेकऱ्याला काय सांगायचं

"चमचा दाखव त्याला," बाबा म्हणाले.

"चमचा कालच दाखवला, बाबा."

"काल त्याची खिडकी बंद होती. आज आत दिवा आहे. दाखव."

मी पडद्यावरची पिशवी उघडली, चमचा उचलला आणि तिथल्या पहारेकऱ्यावर नेऊन माउसचं बटण दाबलं. पहारेकऱ्याने मान वर केली. "चमचा दाखवून काय होणार, बाई? माझं जेवण झालंय."

"हे कालचंच की वेगळं?"

"तेच बोलला. कालचंच."

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. म्हणजे आपटायची होती. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे ती नुसती टेकली, आणि त्याचा त्यांना आणखी राग आला.

हा खेळ यांनी केलेला. हे म्हणजे माझे यजमान. ते खेळ बनवण्याच्या कंपनीत आहेत. या खेळात पळायचं नसतं, कोणाला मारायचं नसतं. पडद्यावर एक खोली असते आणि ती आपल्यासाठी थांबलेली असते. कपाटावर दाबलं की कपाट उघडतं, केटलीवर दाबलं की केटलीबद्दल काहीतरी ऐकू येतं. सापडेल ते पिशवीत टाकायचं आणि कुठली वस्तू कुठे उपयोगी पडेल याचा विचार करत बसायचं. घाई कोणी करत नाही. म्हणून तर बाबांना तो जमला. त्यांचं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. केसासारख्या बारीक रेघा मारणारा तो हात आता चहाचा कप धरू शकत नाही. डोळ्यांनाही बारीक अक्षर दिसत नाही. तेव्हा डोकं त्यांचं, बोट माझं आणि वाचणंही माझं, अशी आमची वाटणी ठरली होती.

सुरुवातीला बाबा म्हणाले होते, "इतकी वर्षं दार लावून हे करत होता होय? चित्रं हलवत?" पण पहिल्याच खोलीत मी एका मोडक्या छत्रीवर दाबलं आणि आवाज आला, "हिची एक काडी गेली, पण हिचा रुबाब गेला नाही." बाबा एकदम सरळ बसले. "अगं, ही आपली छत्री! तुझ्या सासूची! आणि हे वाक्य मी म्हणायचो." मग त्यांना थांबवणं कठीण झालं. याच्यावर दाब, त्याच्यावर दाब, तो खिळा राहिला, पडद्यामागे बघ. एका मडक्याने त्यांना इतकं हसवलं की मला पाणी आणावं लागलं. जेवताना मान खाली घालून बसणारा, 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर दिवस काढणारा त्यांचा मुलगा त्या मडक्यांतून आणि खुंट्यांतून त्यांच्याशी भरभरून बोलत होता. ते ऐकायला बाबा रोज दुपारी माझी भांडी आवरायची वाट बघत बसायचे.

आणि मग आला हा पहारेकरी.

खेळातली बाई छत्र्या दुरुस्त करते. तिला वेशीच्या आत जायचंय. पहारेकरी आधी भलंमोठं भाषण देतो: वेस कोणी बांधली, किती जण परत पाठवले, नियम म्हणजे काय. ते मध्येच तोडता येत नाही. शेवटी विचारतो, "आत तुमचं कोण आहे?" खाली तीन उत्तरं येतात. 'कोणी नाही.' 'माझा मुलगा आत काम करतो.' 'मी चुकून आले.' पहिल्या आणि तिसऱ्या उत्तराला तो हाकलून देतो. मधलं उत्तर धादांत खोटं आहे, कारण बाईला मूलबाळ नाही हे पहिल्याच खोलीत कळतं.

माझे काही नियम आहेत. सकाळी देवापुढे दिवा लावून होईपर्यंत मी बोलत नाही. दिवसातून एकदाच जेवते. आणि खोटं बोलत नाही. पहिल्या दोन नियमांची घरच्यांना सवय झाली आहे. तिसऱ्याचा त्रास मात्र सगळ्यांना होतो. यांनी मला खेळाबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं, ते त्यामुळेच असावं.

मी तिन्ही उत्तरं बाबांना वाचून दाखवली. 'असं असं लिहिलंय' म्हणून वाचण्यात खोटं काही नाही. पण ते मधलं वाक्य माझ्या बोटाने निवडायचं म्हणजे ते मीच बोलल्यासारखं. मला ते दाबवेना. त्या वाक्यात माझं स्वतःचंही काही दुखणं असेल, नाही म्हणत नाही. पण नियम तो नियम.

"नको दाबूस," बाबा सुरुवातीला म्हणाले होते. "तो माझा मुलगा आहे. एकच वाट ठेवणार नाही तो. अशा खेळात दुसरी वाट असतेच, शोधायची असते."

म्हणून आम्ही शोधत होतो. चमचा, मेणबत्तीचा तुकडा, सुताची गुंडी, खिळे, मडक्याचं झाकण, सगळं त्या माणसाला दाखवून झालं. खिडकीवर दाबलं, कडीवर दाबलं, त्याच्या टोपीवर आणि बुटांच्या नाड्यांवर दाबलं. वेशीच्या भिंतीचा एकेक दगड मी दाबला. चूक कुठे होतेय ते कोणी सांगत नाही, आपण बरोबर आहोत हेही कोणी सांगत नाही. माझ्यासारख्या बाईच्या तोंडूनसुद्धा एकदा "मेल्या!" असं निघून गेलं. त्या दिवशी देवापुढे जरा जास्त वेळ बसले.

त्यात नणंदेचा फोन. ती दातांची डॉक्टर आहे. दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची सवय.

"अजून दारातच? वहिनी, अगं दाब ना ते मधलं! पाप लागलं तर माझ्या नावावर टाक, माझ्याकडे आधीचं पुष्कळ आहे."

"असं नावावर टाकता येत नाही हो, ताई."

"चित्रातल्या माणसाला चित्रातली बाई खोटं बोलणार. त्यात तू कुठे आलीस?"

"बोट माझं आहे ना."

"बाबा, हिला समजवा!"

"तू फोन ठेव," बाबा ओरडले. "आमचं लक्ष उडतंय."

सुट्टीचा दिवस होता. हे घरीच होते, आतल्या खोलीत. जेवायला बाहेर आले तेव्हा बाबांनी मुद्द्यालाच हात घातला.

"एवढंच सांग. त्या दाराला दुसरी वाट आहे की नाही?"

यांनी घास खाली ठेवला. "तुम्ही अजून तिथेच आहात?"

"ही खोटं दाबत नाही."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दाम त्यांचं काम अडवलंय. "कमाल आहे. सगळे त्या भाषणाला कंटाळून तिथे सोडून जातात. आणि तुम्ही..." पुढे ते हसणार होते की चिडणार होते कोण जाणे, चिडले. "नाही. दुसरी वाट नाही. एक केली तीच कोणाला नको आहे. ऑफिसात म्हणतात, दाबायच्या जागा चमकवा. बाण दाखवा. भाषण काढा, पळायला लावा. म्हटलं, मग शोधायचं काय? तर म्हणतात, शोधायला वेळ कोणाला आहे? आता खेळ बंदच करताहेत. मला दुसऱ्या कामावर घातलंय. त्यात एक ससा पळतो. नुसता पळतो."

ते ताट तसंच ठेवून उठले आणि आत गेले. दार लागलं.

बाबा भातात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "सुरू कर."

"बाबा, मी ते..."

"तू नको दाबूस. मी दाबतो. तुला मुलगा नाही, त्या छत्रीवालीला नाही. मला आहे. आणि आतच काम करतोय, दार लावून. माझ्या तोंडी ते खोटं कसं होईल?"

 मी खुर्ची सरकवून त्यांच्या हातात माउस दिला.

पहारेकऱ्याचं भाषण संपलं. बाबांनी माउसचा बाण मधल्या ओळीकडे नेला. ओळी बारीक, एकीला एक चिकटलेल्या. बाण ओळीवर आला, थरथरला, वर गेला आणि त्याच क्षणी बोट पडलं. 'कोणी नाही.'

"मग परत जा," पहारेकरी म्हणाला.

पुन्हा दारावर दाबायचं, पुन्हा पहिल्यापासून भाषण. वेस कोणी बांधली, किती जण परत पाठवले. या खेपेला बाण खाली घसरला. 'मी चुकून आले.'

"चुकून आलात तर चुकून जा."

"गाढवा!" बाबा म्हणाले.

मी त्यांच्या मनगटाखाली उशी दिली. ती फार मऊ निघाली. तिच्या जागी घडी केलेला टॉवेल ठेवला. बाबांनी डाव्या हाताने उजवा धरून बघितला, तर दोन्ही हात थरथरायला लागले. मी माउस धरते, तुम्ही नुसतं बटण दाबा, असंही म्हणून बघितलं. बाण ओळीवर नेऊन ठेवण्यात माझा नियम मोडत नव्हता, ते मी मनाशी तपासून घेतलं. पण त्यांचं बोट बटणावर येताना माउसच हलायचा. आणि दर वेळी ते भाषण. ते टाळायला काहीच नव्हतं. मला त्यातला शब्द न् शब्द पाठ झाला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. "राहू द्या आता," असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

पहारेकऱ्याचा आवाज यांचाच आहे. दुसरा माणूस लावायला ऑफिसने नकार दिला होता, म्हणून यांनी स्वतःच घसा जाड करून तो दिला. तेव्हा बंद दाराआड बसून हे ऐकत काय होते, तर स्वतःचाच आवाज: परत जा. परत जा. मग परत जा.

आतलं दार उघडलं. हे येऊन आमच्या मागे उभे राहिले. बाबांचा हात बघत राहिले. तो हात त्यांनी रोज बघितला होता, पण त्या बारीक ओळीशी झगडताना बघितला नव्हता.

"बाबा, द्या इकडे."

"हात लावू नकोस."

"ओळी फार बारीक झाल्यात. माझ्या लक्षातच..."

"गप्प बस. तुझं भाषण चाललंय."

भाषण संपलं. "आत तुमचं कोण आहे?" पडद्यावरच्या यांनी विचारलं. बाबांनी श्वास रोखला. बाण वर गेला, खाली आला, मधल्या ओळीवर क्षणभर टेकला. बोट पडलं.

'माझा मुलगा आत काम करतो.'

पहारेकऱ्याने टोपी काढली. "मग आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून त्याने कडी काढली. वेशीचं ते अवजड दार करकरत उघडायला लागलं. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दार पूर्ण उघडलं. पलीकडे राखाडी पडदा होता. रस्ता नाही, घर नाही, मडकं नाही. नुसतं राखाडी.

"हे काय? धुकं आहे का?" बाबांनी विचारलं.

यांनी मान दुसरीकडे फिरवली.

"मी धुकं आहे का म्हणून विचारतोय."

"नाही बाबा. पुढचं केलेलंच नाही."

"केलेलं नाही म्हणजे?"

"दारापर्यंतच कोणी टिकत नव्हतं. जिथे कोणी पोचतच नाही ते कशाला करायचं? म्हटलं, बघू. मग त्यांनी खेळच बंद करायचं ठरवलं."

"आणि मी? मी पोचलो तो?"

 बाबांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ते माउस फेकून देणार. मलाही तसंच करावंसं वाटत होतं. इतक्या दुपारी गेल्या, तो चमचा, ते दगड, ते भाषण. आणि पलीकडे हे.

हे माझ्याकडे वळले. "तू सांग," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्या कामाबद्दल विचारलं. "खरं सांग. असल्या खेळाचं पुढे काही होईल?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुमच्या ऑफिसातली माणसं म्हणतात तसंच होईल कदाचित. भाषण फार लांब आहे. ओळी वाचवत नाहीत. दुसरी वाट ठेवायला हवी होती. त्या पहारेकऱ्याला मी शिव्या दिल्यात." मी जरा थांबले. "पण आत्ता जितका राग आलाय तितका तेव्हा आला नव्हता. दार बंद होतं तोवर रोज दुपारी बसावंसं वाटायचं."

 ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

तेवढ्यात माउसचा टक् असा आवाज झाला. बाबा राखाडी पडद्यावर दाबत होते. वरच्या कोपऱ्यात, मग खाली, मग मध्ये.

"बाबा, तिथे काही नाही," हे म्हणाले.

"असं तू त्या मडक्यातही म्हणाला होतास." टक्. "म्हणे, रिकामं आहे. आणि तळाशी चमचा होता."

"इथे खरंच नाही. मीच केलंय ना ते."

टक्. टक्. हात थरथरत होता. पण इथे नेमकी ओळ साधायची नव्हती, त्यामुळे बाण कुठेही पडला तरी चालत होतं.

 यांनी पलीकडचं स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसले. "बरं, काय हवंय तिथे?" त्यांनी चिडूनच विचारलं.

"आधी बसायला काहीतरी ठेव," बाबा म्हणाले. "त्या बाईचे पाय दुखले असतील. माझेही दुखलेत."

"खुर्ची ठेवतो."

"मोठी ठेव. मला दाबता येईल एवढी."