वरच्या कुरणाची गाडी

गाडी वरच्या कुरणासाठी घ्यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निदान माझा तसा समज होता.

मी गुरांची डॉक्टर, डेअरीत नोकरीला. खालच्या गोठ्यांची फेरी कुणीही करू शकतं. डांबरी रस्ता, रस्त्याला लागून गोठे, काम झालं की हात धुवायला गरम पाणीसुद्धा मिळतं. वरचं कुरण वेगळं. डांबर संपलं की दगडगोट्यांची वाट, मग एक ओढा, मग मातीचा उभा चढ. गाई वर्षातले कितीतरी महिने तिथेच असतात. एखादीच्या पोटात वासरू आडवं आलं तर तिला खाली आणणार कशी? डॉक्टरनेच वर जायचं, कोपरापर्यंत हात घालून आतलं एवढंसं खूर चाचपायचं. आपण ते धरलं आणि त्याने झटक्यात मागे ओढून घेतलं की कळतं, आहे, जिवंत आहे. त्या एका झटक्यासाठी मी ही नोकरी धरली होती.

ठकू झाली आणि रजा संपवून मी परत कामावर गेले, तेव्हा एकदाच वर जाणं झालं. नेमकी त्याच दिवशी डेअरीची म्हातारी जीप वर बंद पडली आणि रात्र तिथेच काढावी लागली. इकडे ठकू बाटलीला तोंड लावेना, रडून रडून तिचा आवाज बसला. तिकडे माझा कुरता दुधाने ओला झाला होता आणि मी गुराख्याच्या झोपडीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. सकाळी खालून मदत येईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून मी वाट मोजली. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध मातीचा जो उंचवटा होता, त्याच्याशेजारी मी माझा पत्र्याचा डबा उभा केला. ठकूच्या दूध पावडरीचा रिकामा डबा, मी त्यात कापूस नि हातमोजे ठेवते. उंचवटा बरोबर झाकणापर्यंत आला.

त्यानंतर जीप भंगारात गेली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता डेअरी नवी गाडी देणार नाही. ज्याची गाडी वर चढेल, त्याची वरची फेरी. पुढच्या महिन्यात एकदा नेऊन दाखवा, बास. बाकीच्यांना प्रयोगशाळा आहेच."

प्रयोगशाळा म्हणजे दुधाच्या नळ्या आणि समोर भिंत असलेली एक खिडकी. रजेनंतर मी बहुतेक तिथेच होते. माझ्यानंतर नोकरीला लागलेला एक डॉक्टर होता, सतत शीळ घालायचा म्हणून आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. वरची फेरी त्यालाही हवी होती. तो चांगला होता, हेच वाईट होतं.

तर गाडी. मोठी, महागडी परवडणार नव्हती. छोटी एसयूव्ही, थोड्या कच्च्या वाटेवर चालेल अशी, आमच्या खिशाला झेपेल अशी. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळेच निघायचो, मी, हा, सासूबाई, सासरे आणि ठकू. प्रत्येकाची बघायची रीत निराळी. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभ्या आयुष्यात अपघातातल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ केलेले. ते दरवाजाला बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावायचे. सासूबाई मागच्या सीटवर बसून डोळे मिटायच्या. हा मोबाइलवर कुणा कुणाचे व्हिडिओ बघून आलेला असायचा. आणि मी डबा घेऊन खाली वाकायची.

"मॅडम, काही पडलं का?" टाय लावलेल्या विक्रेत्याने विचारलं.

"नाही. डबा खालून जातो का बघतेय."

"डबा?"

"दूध पावडरीचा."

त्याने मदतीसाठी याच्याकडे बघितलं. हा म्हणाला, "तिचं तसंच असतं. लग्नाआधी मलाही असंच वाकून वाकून बघितलं होतं."

"आणि तरी पसंत केलं?" टायवाला.

"तेव्हा डबा नव्हता ना हातात," मी खालूनच म्हटलं.

बाबा म्हणाले, "अगं पत्रा बघ, पत्रा. खालून गाडी बघतं कोण? एक गॅरेजवाला नाहीतर एक मांजर."

ती गाडी पांढरी होती. दिसायला देखणी, टपाला काच, मागे बसणाऱ्यांना वेगळा एसी. रिकामी होती तेव्हा डबा खालून अलगद सरकला. मग मी सगळ्यांना आत बसवलं. सासूबाई ठकूला मांडीवर घेऊन बसल्या, बाबा पुढे, हा मागे. वजन पडलं की गाडी बसते. मी चकाकत्या फरशीवर पालथी पडून डबा ढकलला, तो मध्येच गच्च झाला. हा उतरला, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला, हात घालून ओढून बघितला.

"अडकलाय गं," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडाने म्हणाला.

दुसऱ्या दुकानात कोपऱ्यात एक मातकट रंगाची गाडी उभी होती. चौकोनी, थेट खोक्यासारखी, सीटा कडक, चारही चाकांना जोर देणारी. पांढरीपेक्षा स्वस्तही. सगळे आत बसले तरी डबा या बाजूने घातला की त्या बाजूने बाहेर. मी तो पाच-सहा वेळा घातला नि काढला, ठकू वरून खिदळत होती. दुकानाच्या मागे बांधकामाची खडी पडली होती, त्यांनी मला तिच्यावरून चालवू दिली. गाडी एका बाजूला कलली, पुढचं चाक हवेत उचललं गेलं, आणि मग शहाण्या म्हशीसारखी ती हळूच पलीकडे उतरली. मला हसू आवरेना.

"डबडं आहे नुसतं," सासूबाई म्हणाल्या. "पाठीचे मणके मोजून घेतले की हिने."

"पत्राही पातळ," बाबा म्हणाले.

हा माझ्याकडे बघत होता. मी खूप दिवसांनी हसत होते, ते त्यालाही दिसलं असणार. "ठरलं तर," तो म्हणाला. "तुझी फेरी, तुझं डबडं. बाकीचं मी बघतो, तू कामातून कुठे धावपळ करणार." कर्ज त्याच्या नावावर निघणार होतं, हप्ता माझ्या पगारातून जाणार होता. मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात असंच चालतं.

गाडी यायच्या दिवशी मी ठकूला कडेवर घेऊन फाटकात उभी होते. हा वळणावरून हॉर्न वाजवत आला.

पांढरी होती. बोनेटवर लाल फीत.

"डोळे मिटायला सांगणार होतो, पण तू आधीच बाहेर," तो उतरत म्हणाला. "कशी आहे?"

"अरे, पण ही..."

"ठकूसाठी घेतली. त्या डबड्यात पोरीची हाडं खिळखिळी झाली असती. हिच्यात मागे बघ, तिची सीट कशी फिट बसते." त्याने तिला माझ्या कडेवरून घेतलं नि आत बसवलं. ठकूने वर काचेकडे बोट केलं आणि म्हणाली, "आभाय!" शेजारच्या काकू कुंपणावरून टाळ्या वाजवत होत्या. बाबा पत्र्यावर टकटक करून म्हणाले, "याला म्हणतात आवाज."

पोरीचं नाव पुढे केल्यावर आईने काय बोलायचं? मी हळूच विचारलं, "वर चढेल का रे?"

"तू चालवतेस म्हटल्यावर न चढून जाईल कुठे?" तो म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, चुकला आहे. व्हिडिओ बघून, आईवडिलांचं ऐकून, पोरीच्या मायेने चुकला आहे. चुकलेल्या माणसावर किती रागवायचं. मी ठरवलं, मी चढवून दाखवीन.

दाखवायच्या दिवशी मी गाडीतून काढता येईल ते सगळं काढलं. जादा चाक, ठकूची सीट, चटया, पाण्याचे कॅन. फक्त मी आणि लसींची बर्फाची पेटी. डांबर संपल्यावर मी चाकं चाकोरीत घातलीच नाहीत. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं वाटेच्या अगदी कडेला, अशी तिरकी तिरकी नेली. पांढरी बिचारी थरथरत होती, पण ऐकत होती. ओढ्याशी थांबले, उतरून दगड बाजूला केले, पायाने तळ चाचपला. पलीकडे निघाले तेव्हा मी चक्क मोठ्याने ओरडले. वर कुरणाच्या कडेला दोन-तीन गुराखी उभे असलेले दिसत होते. एकाने हात हलवला.

पण ओढ्यानंतरच्या चढाला कड नव्हती. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार, चाकं चाकोरीतच घालावी लागली. पुढची चाकं मातीत गरागरा फिरली, गाडी बसली, आणि खालून असा आवाज आला की माझे दातच शिवशिवले. उतरून बघितलं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं. काळं तेल उतारावरून ओघळत ओढ्याच्या दिशेने निघालं होतं. मी हातांनी माती ओढून ओढून त्याला बांध घातला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शीळ आधी ऐकू आली, मग शिट्टीची गाडी. कुणा मित्राची मागून आणलेली, गंजलेली, चौकोनी. तो उतरला, तेल बघितलं, माझे हात बघितले आणि शीळ थांबवली.

"आधी तुम्हाला ओढून खाली नेतो, मॅडम."

"लसी?" मी म्हटलं. बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता आणि वर गाई बांधून ठेवलेल्या होत्या.

तो वरच्या चढाकडे बघू लागला. मीच मागचं दार उघडलं, पेटी उचलली आणि त्याच्या गाडीत ठेवली. पेटी कलंडू नये म्हणून माझी ओढणी तिच्याभोवती खोचली. "तिसऱ्या झोपडीतली तांबडी लाथ मारते," मी सांगितलं. "डाव्या बाजूने जा." तो मान हलवून वर गेला. मी तेलाशेजारी बसून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी गाडी गॅरेजात पोचली आणि मी घरी. कुणी ओरडलं नाही. याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "तू धड आहेस ना, झालं तर मग." बाबा म्हणाले, चेंबर काय, बदलता येतं. सासूबाईंनी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. घरात कसं हलकं हलकं वातावरण होतं, एखाद्याचा ताप उतरल्यासारखं. मला ते कळेना.

सासूबाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. मी म्हटलं, "आई, पांढरीखाली डबा अडकला होता, ते तुम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं ना?"

"बघितलं की."

"मग?"

"मग काय? म्हणून तर ती घेतली." त्यांनी पातेलं पालथं घातलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा खरंच गोंधळला. "अगं, तुला कळलं नव्हतं? आम्हाला वाटलं, दारात गाडी बघितलीस की तुझी तू समजशील. तोंडाने कशाला सांगायचं, तुला उगाच वाईट वाटलं असतं."

म्हणजे कुणी चुकलंच नव्हतं. माझ्याच डब्याने, माझ्याइतक्याच नेमकेपणाने, त्यांनी गाडी निवडली होती.

हा दारात उभा होता, ठकू त्याच्या खांद्यावर झोपेला आलेली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर चुकवली नाही, एवढं मात्र खरं.

"त्या रात्री तू इथे नव्हतीस," तो हळू आवाजात म्हणाला. "मी होतो. तिचा आवाज बसला होता, माहितीये? नुसतं तोंड उघडत होती."

"मग नाही म्हणायचं होतंस. माझ्या तोंडावर."

"ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला.

ठकूने मान उचलली, मला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. मी तिला घेतलं. तिच्या केसांना त्याच्या शर्टाचा वास येत होता. माझ्या नखांतलं काळं तेल अजून निघालं नव्हतं, म्हणून मी तिला मनगटांनीच धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. "गाडी दुरुस्त झाली की आणखी एकदा बघायचं का?" त्यांनी विचारलं. भला माणूस.

"नको," मी म्हटलं. "शिट्टीला द्या. त्याची चढते."

गाडी दुरुस्त होऊन आली तो रविवार होता. बाबा म्हणाले, चला, जरा फिरवून आणू. हा चालवायला बसला, बाबा त्याच्या शेजारी, मागे सासूबाई, ठकूची सीट आणि मी. हमरस्ता गुळगुळीत होता. गाडी खरोखर सुरेख आहे, आवाज नाही, हिसका नाही. दोन वळणं झाली नाहीत तोवर ठकूची मान कलली. मी तिच्या गालाखाली तळहात धरला.

"बघ, कशी झोपली," हा म्हणाला. "हप्ते फिटेपर्यंत मस्त लोळत जाईल ती हिच्यात."

"झोपली," मी म्हटलं.

आरशातून तो माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. ते त्याच्या लक्षात आलं नाही, पुढे रस्ता मोकळा होता.