चार बोटांची पट्टी

मित्रांनो, समुद्रकाठच्या नवापूर गावी एका मांगेल्याच्या, म्हणजे मासेमाराच्या घरात छपराच्या वाशाला खोचून ठेवलेली बांबूची पट्टी ती मीच. मला पाहून कुणी मोडक्या टोपलीची काडी समजेल. त्याचा मला राग नाही. पण एके काळी या घरातले प्रत्येक जाळे माझ्या अंगावर विणले जाई.

बायडी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासऱ्याने तिची चार बोटे बांबूवर ठेवली आणि तेवढ्या रुंदीची मला तासली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की बायडी जाळे विणायला बसे. दोरा माझ्याभोवती फिरवायचा, गाठ मारायची आणि मला पुढे सरकवायचे. माझ्या रुंदीवर जाळ्याचा आस, म्हणजे त्याचे भोक ठरे. माझ्या आसातून पापलेटची पिल्ले सुखरूप निसटत आणि मोठी तेवढी अडकत. बायडी मला खोबरेल तेल लावून पुसत असे. त्या काळी मी फार तोऱ्यात असे.

ऐंशी साल उलटल्यावर आसपासच्या होड्या बारीक आसाची जाळी टाकू लागल्या. त्यांच्या टोपल्या भरून येत आणि बायडीच्या मुलाची, बळवंतची, टोपली अर्धीच असे. एकदा बायडी दांडी गावाला बहिणीकडे गेली होती. बळवंतने कोयता घेतला आणि मला उभी तासून निम्मी केली. त्याची बायको शालू नको म्हणत होती.

"आमच्या जाल्यातून सगला मावरा निसटतो," तो म्हणाला. "पोरा काय दर्याकडं बगून जेवतील?"

त्याचे तरी काय चुकले? घरात खाणारी तोंडे होती. बायडी परत आली, तिने सवयीने माझ्यावर बोटे ठेवली, तर दोन बोटे बाहेर लोंबत राहिली. त्यानंतर तिने मला कधीच हातात घेतले नाही. मग जाळी शालू विणू लागली.

पहिल्या हंगामात होडी ओसंडून आली. अंगठ्याएवढी पापलेटे होती ती! खायला कुणी घेईना, म्हणून ती वाळूवर सुकवली आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी ट्रकमध्ये भरून बोईसरकडे गेली. पुढच्या वर्षी माल थोडा कमी आला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. शेवटी बळवंत दिवसभर जाळे टाकून भाजीपुरते मासे आणू लागला.

एका संध्याकाळी तो आईजवळ येऊन बसला. नवी पट्टी तासतो, पहिल्यासारखे जाळे विणून दे, असे म्हणाला. बायडीने आपली चार बोटे त्याच्यापुढे ठेवली.

"पट्टी तू नवी तासशील, बाला," ती म्हणाली. "पन दर्यात पापलेट कुठून तासशील?"

बळवंतने कोयता उचलला. मग त्याने तिच्या बोटांच्या मापाने नवी पट्टी तासली. ती नवी पट्टी आणि शालू, दोघी आता ओटीवर काम करतात. बळवंतच्या टोपलीत अजून फारसे काही येत नाही, तरी त्याने आस लहान केलेला नाही.

मला चुलीत घाल, असे बायडीने शालूला बजावले होते. घरात ही अरुंद पट्टी राहिली तर उद्या कुणीतरी तिच्याच मापाने दुसरी तासेल, अशी तिला भीती होती. पण आजेसासऱ्याच्या हातची वस्तू जाळायला शालूचे मन धजेना, म्हणून तिने मला वाशाला खोचले. बायडी आता राहिली नाही. मला कुणी पुसत नाही, माझ्याशी कुणी बोलत नाही. खाली जाळे विणले जाते, तेव्हा दोऱ्याचा आवाज ऐकत मी पडून असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी विनवतात की आम्हाला जपा. मला मात्र जपू नका. बाजारात बोटाएवढे पापलेट दिसले तर ते विकत घेऊ नका, आणि कधी या घरी आलात तर शालूला सांगा, म्हातारीचे ऐक, मला चुलीत घाल.