भिंतीपलीकडची बासरी

मनकर्णाबाई मालिका बघत नसत, ऐकत. तेही भिंतीतून. वाळूजच्या कामगार वसाहतीत दोन घरांना मिळून भिंत एकच, आणि पलीकडच्या गोजरबाई मागच्या ओट्यावर पापड लाटताना ऐकू यावं म्हणून टीव्ही ठणाणा लावत. भिंतीतून बोलणं कळायचं नाही, नुसतं संगीत यायचं. मनकर्णाबाईंना तेवढं पुरे. बोलण्यात माणूस फसवतो, संगीत फसवत नाही, असं त्यांचं मत.

मागं एकदा भाजीवाला दारात “वांगी ताजी हायेत” म्हणाला आणि भिंतीतून ‘धाड्! धाड्! धाड्!’ आलं. बाईंनी वांगी परत केली. समोरच्या रूपानं घेतली, ती किडकी निघाली. झालं! तेव्हापासून बाईंचा भिंतीवर होता तेवढा विश्वास नवऱ्यावरही उरला नाही.

आता लेक तनुजा हट्टाला पेटली होती, करीन तर कंपनीतल्या अतुलशीच. रविवारी दुपारी पाहुणे येणार होते.

“आई, गोजरमावशीला टीव्ही बंद ठेवायला सांगू का?”

“येडी हाय का तू? मग पोरगा कसा हाय ते मला कळंल कसं?”

तनुजाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

अतुलचे वडील नानासाहेब वैजापूरचे कांद्याचे आडते. जमलं तर तिथंच फोडू म्हणून खिशात सुपारी घालूनच आले होते. तनुजा पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि भिंतीतून बासरी वाजली. बाईंना भरून आलं. नानासाहेबही डोलायला लागले.

“आमाला हुंडा-बिंडा नको,” ते म्हणाले. बासरी. “पोरगी पुढं शिकली तरी चालंल.” सनई. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि शेवटचं म्हणून अतुलला विचारलं, “तंबाखू, गुटखा, काही?”

“नाय काकू, कायीच नाय.”

धाड्! धाड्! धाड्!

बाईंनी मान तीनदा वळवून त्याच्याकडं बघितलं. नानासाहेबांनीही पोटच्या पोराकडं तीनदाच बघितलं. “काय रं अतुल?”

“खरंच नाय हो नाना!”

धाड्!

बिचाऱ्याला ठसका लागला. त्यानं पाणी मागितलं तर भिंतीत वीज कडाडली. नानासाहेबांनी मुकाट्यानं सुपारी खिशात खोल सारली.

“आई, ती सीरियल हाय गं!” तनुजा रडकुंडीला आली.

“सीरियल खोटी असंल. म्युझिक नसतंय खोटं.”

आणि लाईट गेली.

पंखा थांबला, भिंत मुकी झाली. काय वाटून घ्यावं ते कुणालाच समजेना. बाईंनी भिंतीला कान लावला. काही नाही. नानासाहेबांनी दुसऱ्या टोकाला लावून बघितला. तिकडंही काही नाही.

मग दुसरं काही करता येईना म्हणून बाईंनी खोलीत बघितलं. ठसका लागलेला अतुल आपला पाण्याचा पेला रडणाऱ्या तनुजापुढं धरून बसला होता. तिनं एक घोट घेतला आणि पेला त्याला परत दिला. “तुम्ही प्या आधी,” ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा असा निवलेला बाईंनी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. खरं तर बघितलाच नव्हता. कान भिंतीला असले की डोळे कुठं जाणार? बाईंना स्वतःची लाज वाटली.

पण संगीताशिवाय हो म्हणायचं कसं? बाईंनी घसा खाकरला, पदर सावरला आणि डोळे मिटून तोंडानंच बासरी वाजवायला घेतली. “तूंऽ तुतु तूंऽ…”

नानासाहेब क्षणभर बावरले. मग त्यांनी पोह्यांच्या रिकाम्या बशीवर ठेका धरला आणि दुसऱ्या हातानं सुपारी बाहेर काढली. तनुजा अडकित्ता आणायला धावली.

सुपारी फुटली तरी बासरी थांबेना. भिंतीपलीकडून गोजरबाईंनी हाक मारली, “मनकर्णे, तुमच्यात लाईट आली का गं?”

“आली गं बाई, आली!” मनकर्णाबाई ओरडल्या आणि पुन्हा वाजवायला लागल्या.