अग्रक्रमांचं चाक

विभागीय विकास प्राधिकरणाचा उपनियोजक कुणाचं मन मोडायचा नाही. कुठे भांडण दिसलं की तो आधी पाण्याचा पेला पुढे करी आणि मग म्हणे, सबुरीनं घ्या. त्यामुळे सगळं कार्यालय त्याला सबुरी म्हणायचं. त्याची बायकोही म्हणायची, पण तिच्या तोंडी ते नाव जरा कडसर लागे. हल्ली त्यांच्या घरात सबुरीशिवाय दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती.

घर भरलं होतं शिलाई मशिनांनी. सबुरीची थोरली बहीण, म्हणजे सगळ्या गल्लीची ताई, बायकांचा शिवणगट चालवायची. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, गटाची भाड्याची खोली गेली, आणि ताईने चार दिवस म्हणून मशिनं भावाकडे आणून टाकली. ते चार दिवस मारुतीच्या शेपटासारखे वाढतच गेले. सबुरी दोन मशिनांच्या फटीत कुशीवर निजे. उताणं व्हायचं तर आधी एक मशिन सरकवावं लागे. एका सकाळी तर त्याच्या लेंग्याचा पाय चादरीला शिवलेला निघाला. बायको मात्र खुशीत होती. तीही गटात सामील झाली होती. भाजीत मीठ विसरायची, पण काजं अशी सुबक करायची की बघत राहावं.

बाजाराच्या इमारतीमागे प्राधिकरणाची एक मोठी खोली कुलूप लावून पडली होती. ती गटाला मिळाली तर ताईचं काम मार्गी लागणार होतं आणि सबुरीला उताणं झोपता येणार होतं. पण सख्ख्या बहिणीसाठी साहेबांकडे शब्द टाकायचा नाही, अशी त्याने शपथ घातली होती स्वतःला. लोक काय म्हणाले असते? याच्या विकासाची सुरुवात घरापासून झाली!

ताईचा एक नेम होता. दिवसातून एकदाच रागवायचं, तेही सकाळी अंघोळ झाल्या झाल्या, म्हणजे उरलेला दिवस गोड जातो. तो एकदाचा राग रोज सबुरीच्या वाट्याला येई. मग दिवसभर ताई इतकं मधाळ बोले की सबुरीला सकाळच बरी वाटे.

अशात मुख्य साहेबांनी फर्मावलं की सर्वसमावेशक आर्थिक विकासाचे अग्रक्रम ठरवा. झालं. रस्तेवाले म्हणाले पहिले आम्ही. पाणीवाल्यांनी विचारलं की तहानलेला माणूस तुमच्या रस्त्यावर चालणार कसा. बसवाले म्हणाले, चालतो कशाला, बसेल की. बाजारवाले तर रुसून खिडकीबाहेरच बघत बसले. सबुरीने पाण्याचे पेले फिरवले आणि तोडगा काढला. अग्रक्रम एकाखाली एक लिहायचेच नाहीत. लाकडाचा गोल फळा करायचा, त्यावर फुलासारख्या पाकळ्या रंगवायच्या: रस्ते, पाणी, बस, बाजार आणि महिला उद्योग. गोलात पहिला कोण अन् शेवटचा कोण? सगळ्यांची तोंडं गोड झाली. फळा दिवाणखान्याएवढ्या सभागृहाच्या भिंतीवर मधोमध एका जाड खिळ्यावर लागला. तो पंख्याच्या वाऱ्यानेही फिरतो हे पाहून साहेबांनी नियमच करून टाकला की सोमवारी जी पाकळी वर असेल तिचं काम त्या आठवड्यात.

त्या दिवसापासून प्राधिकरणातले लोक सोमवारी पहाटेच कामावर यायला लागले. जो तो फळ्याजवळून जाताना सहज हात लावी, कुणी धूळ पुसायला, कुणी आधाराला. रस्ते वर आले, बस वर आली, पाणी दोनदा आलं. महिला उद्योग मात्र काही केल्या वर येईना. सबुरीने बोट लावलं नाही, शपथ होती. ताईचा सकाळचा राग मात्र रोज लांबत चालला.

"तुझ्या चाकात आमचीच पाकळी कशी रे तळाला?" एकदा ती म्हणाली. "का तूच पाय देऊन उभा असतोस?"

ते सबुरीला लागलं. त्याने फळा नीट न्याहाळला आणि कपाळावर हात मारला. पेंटरने महिला उद्योगाच्या पाकळीवर जी कात्री काढली होती ती नांगरासारखी दिसे. ताईला ते सहन झालं नव्हतं. तिने आपली कापड बेतायची, चांगली हातभर लांब लोखंडी कात्री आणून तारेने तिथे घट्ट बांधली होती. त्या वजनाने पाकळी कुठूनही सुटली की खाली येऊन बसे.

ताईने कात्री सोडायला साफ नकार दिला. उद्योगाची शोभा आहे म्हणे ती. आणि सबुरीच्या पोटात गोष्ट राहते कुठे? दुपारच्या चहाला त्याने सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं की वजन असलं की पाकळी खाली जाते.

सगळ्यांनी नुसती मान डोलावली. पण पाण्याच्या पाकळीवर कुणीतरी डांबराचा डबा टांगला. रस्त्यांच्या पाकळीवर पितळी नळ आला. बसच्या पाकळीला बाजाराची वजनं लटकली, बाजाराच्या पाकळीला बसचा भोंगा. महिला उद्योगाला कुणी हात लावला नाही. ते बिचारं आधीच तळाला होतं.

सोमवारी साहेब पाहुण्यांसमोर अग्रक्रम जाहीर करणार होते. नवा सूट घालून ते फळ्यापाशी गेले, वर काय आहे ते बघायला मान उंचावली, आणि खिळ्याने इतक्या दिवसांची नोकरी सोडली. फळा खाली आला. साहेब चपळाईने मागे सरले म्हणून बचावले, पण पितळी नळाने त्यांची पँट खिशापासून गुडघ्यापर्यंत टराटरा फाडली. भोंगा आपोआप वाजला. सगळं कार्यालय छताकडे बघू लागलं.

सबुरीने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला. मग त्याला आठवलं की आपलं घर मागच्याच गल्लीत आहे.

एक फाईल पुढे, एक मागे धरून साहेबांना तिथे नेलं. थोड्याच वेळात ते फुलाफुलांची चादर गुंडाळून पलंगावर बसले होते, भोवती मशिनांची घरघर. खाली सुया आहेत, पाय वर घ्या, असं सबुरीच्या बायकोने बजावलं होतं. ताईचा राग सकाळीच उरकला होता, त्यामुळे तिच्या जिभेवर साखर होती.

साहेबांनी विचारलं, इतकी मशिनं घरात कशाला? ताईने खोलीची सगळी कथा सांगितली. साहेब सबुरीकडे वळले. "तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"सख्खी बहीण आहे ना, साहेब."

साहेबांनी जरा सरकून बसायला पाहिलं. त्यांच्या कोपराला मशिन लागत होतं, पाठीला मशिन लागत होतं, आणि एका बाईने त्यांच्या गुडघ्यावर कापडाची घडी ठेवून दिली होती, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

"पँट झाली हं, साहेब," ताई म्हणाली आणि ती नीट घडी घालून आपल्याच मांडीवर ठेवली. "खोलीचं तेवढं बघा. घाई मुळीच नाही. तुम्ही बसलात की घर कसं भरल्यासारखं वाटतं."

साहेबांनी चादर सावरत फोन लावला. किल्ली घेऊन शिपाई आला, मगच पँट मिळाली. रफू असं की शोधूनही सापडू नये. पाहुण्यांसमोर साहेबांनी एकच अग्रक्रम जाहीर केला: ज्याचं काम अडलंय त्याच्याकडे आधी जाऊन बसायचं. दुसऱ्याच दिवशी ते कोरड्या नळापाशी बादली घेऊन तासभर उभे होते असं म्हणतात. पाणीवाले तर कौतुकाने डोळे पुसत होते, आणि पाणी त्याच आठवड्यात आलं.

मशिनं नव्या खोलीत गेली. गोल फळाही ताईने नेला, कापड बेतायला, कात्रीसकट.

रविवारी दुपारी सबुरी उताणा झोपला, हातपाय पसरून, राजासारखा. घर एकदम शांत. पण झोप काही येईना. घरघरीशिवाय कान रिकामे वाटायला लागले. शेवटी तो उठला, बटण तुटलेला एक सदरा शोधला आणि खोलीकडे निघाला. तिथे दारातच बाकावर रांग होती. सगळ्यात पुढे मुख्य साहेब कोट घेऊन बसले होते, मागे रस्तेवाले, त्यांच्या मागे बाजारवाले.

सबुरीने बहिणीकडे आशेने पाहिलं. ताईने मशिन न थांबवता बाकाचं शेवटचं टोक दाखवलं.

"सबुरीनं घे," ती म्हणाली.