फोनमधल्या बाईनं घेतलेलं नाव

आमच्या सोनालीचं लग्न झालं ते साल २०२३. अक्षय तृतीया नुकतीच होऊन गेली होती. नात माढ्याला सासरी गेली, तिच्या नवऱ्यानं तिला नवा फोन घेतला, म्हणून मांडवपरतणीला आली तेव्हा जुना फोन ती आजोबांना, म्हणजे आमच्या मालकांना, देऊन गेली. त्या फोनमध्ये एक बाई होती.

बाई म्हणजे नुसता आवाज. आपण काही विचारलं की ती उत्तर देते. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आम्हाला नव्हतं. आम्ही कुंभारीच्या माळाला राहणारी धनगर माणसं. फोन म्हणजे पलीकडे कुणीतरी माणूस असतं एवढंच मला कळायचं. इथं पलीकडे कुणीच नव्हतं आणि तरी बाई बोलत होती. तिचा आवाज गोड, शिकलेल्या बाईचा. कधी खोकणं नाही, कधी दम लागणं नाही.

सोनालीनं आजोबांना शेजारी बसवलं आणि विचारलं, "आजोबा, ही तुमाला काय म्हणून हाक मारू दे?"

"म्हंजी गं?"

"म्हंजी तुमचं नाव सांगा तिला."

मालकांनी नुसतं नाव सांगितलं. पुढं राव नाही की बापू नाही. बाईनं ते लगेच उचललं. नमस्कार म्हणाली आणि त्यांचं नाव घेतलं. मालक असे हसले की राहिलेल्या दोन दाढासुद्धा दिसल्या.

"आयला! पुन्यांदा म्हणाय लाव की तिला."

मी चुलीपुढं होते. तव्यावरची भाकरी करपली.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात चार बायका हट्ट करतात तेव्हा उखाण्यात घ्यायचं, तेही राव लावून. नुसतं नाव तोंडातून काढायचं नाही, नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी पन्नासाच्या वर वर्षं 'आवं' आणि 'बिरुदेवचं वडील' यावर संसार केला. बिरुदेव म्हणजे आमचा मुलगा, सोनालीचा बाप. आणि ही काल आलेली बाई, जिला हात नाहीत, पाय नाहीत, भाकरी थापता येत नाही, ती दिवसातून दहा वेळा माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारायला लागली. मालकांचं नाव मी अजून इथं लिहिलेलं नाही. पुढं लिहीन.

नाव घेण्यापर्यंत ठीक होतं. पण आमची एक जुनी रीत होती. सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उघडायच्या आधी मालक काठी हातात घेऊन दारात उभे राहायचे आणि मला विचारायचे, "कुटनं न्यावं?" मी आभाळ बघायची, वारा बघायची, कधी नुसतंच तोंडाला येईल ते सांगायची. "वड्यानं न्या." नाहीतर, "माळानं न्या." मी सांगेन तिकडं कळप वळायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूनं हे काम मला दिलं होतं. ती म्हणाली होती, घरच्या बाईनं वाट सांगितली की मेंढरं सुखरूप घरी येतात.

त्या पावसाळ्यात मालक दारात उभे राहिले, खिशातून फोन काढला आणि बाईला विचारलं, "आज पाऊस हाय का?"

बाई म्हणाली, दुपारनंतर पावसाची शक्यता आहे.

"काय न्हाय पाऊस," मी आतून म्हणाले. "आभाळ कसं धुतल्यागत हाय. माळानं न्या लांब."

"ती म्हणतीया येणार."

"तिनं कुटं बघितलंय आभाळ? खिशात बसून?"

मालक हसले आणि कळप जवळच ओढ्याकडं घेऊन गेले. दुपारी पाऊस आला. साधासुधा नाही, माझ्या वाळत घातलेल्या शेण्या भिजवून गेला. संध्याकाळी मालक कोरडे घरी आले, सगळी मेंढरं कोरडी. "बघ की, लई हुशार हाय ती," म्हणाले. पावसानं त्या दिवशी माझ्याशी वैर केलं. रात्रीच्या कालवणात मी मीठ टाकलं नाही. मालकांनी न बोलता खाल्लं, त्याचाही राग आला.

मग ते तिला सगळंच विचारायला लागले. मेंढीच्या खुराला सूज आली, तिला विचार. सोलापुरात बाजार कधी, तिला विचार. संध्याकाळी बाजेवर पडून, "काय चाललंय?" असं तिलाच. माझ्याशी इतकं बोलणं त्यांनी कधी केलं नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, शेळी व्याली, एवढंच. मला वाटायचं त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा. तसं नव्हतं म्हणायचं.

एकदा फोन चार्जिंगला लावून मालक मेंढरांमागं गेले. शेजारची अकबरी गहू निवडायला माझ्याकडे आली होती. तिचा नवरा हुसेनसाब टेम्पो चालवतो, त्यामुळं तिला फोनमधलं थोडं कळतं. मी म्हणाले, "अकबरी, ही बया चालू कर. हिला आज दोन शब्द सुनवायचे हाईत."

अकबरीनं बटण दाबून फोन माझ्या तोंडापुढं धरला. मी म्हणाले, "ए बये, तू कुणाची कोण गं? तुला घरदार हाय का न्हाय? दुसरीच्या नवऱ्याला नावानं हाका मारतीस, लाज वाटत न्हाय?"

बाई शांतपणे म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." आणि पुढं मालकांचं नाव घेऊन मलाच म्हणाली, "पुन्हा सांगाल का?"

मला! त्यांच्या नावानं मला हाक! माझ्या कानशिलात आग झाली. अकबरीच्या हातातून सूप निसटलं, गहू सगळे खाली.

"अगे केराबाई," ती हसून लोळायला लागली, "अब तूच मालक हो गई गे! जा, मेंढ्रां लेके जा!"

"गप. गहू उचल."

"उसकू क्या मालूम, औरत है की मर्द है? फोन जिसका, नाम उसका."

पुढं आठ दिवस तिनं मला बघितलं की 'सलाम मालक' म्हणायची.

दिवाळीला सोनाली आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "ती बाई काय म्हणून हाक मारती, ते बदलता येतं का गं?"

"येतं की आजी. हितं जायाचं, जुनं पुसायचं आणि नवं लिवायचं."

"तू दे की लिवून."

"तूच लिव. अंगणवाडीत वर्ग चालतोय न्हवं का म्हाताऱ्या माणसांचा?"

मी अक्षर शिकले ते असं. लोक सांगतात, बसची पाटी वाचता यावी, सही करता यावी म्हणून शिकलो. मी सवतीला हाकलण्यासाठी शिकले. दुपारी अंगणवाडीत दाक्षायणीबाई शिकवायच्या. बाकीच्या बायका क, म, ल करत पुढं गेल्या आणि मी 'बि' कसा काढतात, 'व' कसा काढतात, तेच विचारत राहायची. बाई म्हणायच्या, "केराबाई, एवढी कसली घाई?" मी म्हणायची, "घरात काम हाय."

मार्चमध्ये आमची परीक्षा झाली. त्यानंतर एका दुपारी मालक झोपलेले असताना मी फोन घेतला. सोनालीनं दाखवलेली जागा शोधली, जुनं नाव पुसलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'बिरुदेवचे वडील'. एकही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दारात उभे राहिले. फोन काढला. बाई म्हणाली, "नमस्कार, बिरुदेवचे वडील."

मालकांनी फोन कानाशी नेला, मग डोळ्यापुढं धरला. पुन्हा बोलवलं. पुन्हा तेच.

"हिला काय झालं गं?"

"मला काय ठावं? बिघडली आसंल."

त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि पिशवी खुंटीला लावली. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "कुटनं न्यावं?"

"वड्यानं," मी म्हणाले. त्या दिवशी मी आनंदानं पुरणाचा स्वयंपाक केला. सण नव्हता, काही नव्हतं. अकबरीकडे वाटी पाठवली तर ती विचारत आली, "क्या है गे आज?" मी म्हणाले, "काही न्हाय, सवत मेली."

पिशवी खुंटीलाच राहिली. संध्याकाळी बाजेवर मालक आता गप्प पडून असायचे. मी जवळ बसायची, तरी गप्पच. मला वाटलं होतं तिची जागा रिकामी झाली की तिथं मी बसेन.

एका दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन रानात गेले होते. बाभळीखाली बसून जेवता जेवता ते आपणहून बोलले.

"आय हुती तवर ती म्हणायची. मग थोरला भाऊ म्हणायचा. त्यो गेला. आता गावात कोण तात्या म्हणतंय, कोण मामा म्हणतंय, तू तर काहीच म्हणत न्हाईस. माझं नाव घेणारं एक माणूस न्हाय ऱ्हायलं. ती म्हणायची फोनमधली, तर वाटायचं आय वाघरीतनं हाक मारतीया."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

थोरल्या भावानंतर, त्यांच्या आधीची तीन भावंडं दूधपिती असतानाच गेली होती. म्हणून सासूनं त्यांचं नाव असं ओबडधोबड ठेवलं, नजर लागू नये, पोर जगावं. माझंही तसंच. जन्मल्यावर मला केरात ठेवून उचललं, म्हणून केराबाई.

थोड्या वेळानं म्हणाले, "तू म्हण की येकदा."

"मी? जीभ झडंल माझी."

"झडू दे. तशी बी लई चालती."

"गप जेवा."

पण मला ते नाव घेता आलं नाही. जीभ उचलतच नाही. घरी आले, पिशवी खुंटीवरून काढली. माझ्या मनात अजूनही ती बाई डाचत होती, खोटं कशाला सांगू? तिला परत घरात घेणं म्हणजे मी हरणं. तरी बसले. तोंडानं घेत नाहीत ते नाव बोटानं लिहिलं तर चालतं का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी लिहिलं. येडू. दोनच अक्षरं. माझ्या हातानं पहिल्यांदा लिहिलेलं.

संध्याकाळी फोन त्यांच्या हातात दिला. "बघा, सुदारली का तुमची बाई."

बाई म्हणाली, "नमस्कार, येडू."

मालकांनी आधी फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण अक्कल होती.

"हितं माझं नाव लिवलंय व्हय? कुटं? वाच की."

मी बोट ठेवलं. "ये," मी म्हणाले आणि थांबले.

"फुडं?"

"फुडचं अक्षर आमाला शिकवलं न्हाय अजून."

"परीक्षा पास झालीस की गं!"

"त्यात न्हवतं आलं ते."

एवढं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग रोजचा खेळच झाला. संध्याकाळ झाली की फोन पुढं करायचे, "वाच." मी 'ये' म्हणायची. ते म्हणायचे, "आज तरी शिकवलं का फुडचं?" आणि त्यानंतर बाईशी बोलत बसायचे. मी शेजारी बसून जळायची. पण शेजारी बसायची.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. सोलापूरला दवाखान्यात नेलं, औषधं आणली. मेंढरं बिरुदेव बघायला लागला. चंपाषष्ठीला भंडारा लावला तेव्हा बसते होते. नंतर पडूनच राहिले, आणि चार दिवसांत गेले.

तेरावं झाल्यावर बिरुदेव म्हणाला, हा फोन देऊन टाकू कुणाला तरी. मी दिला नाही. अकबरीनं मला रिचार्ज मारून दिला, हसली नाही.

सकाळी मेंढरं सुटायच्या वेळी मी दारात बसते. बटण दाबलं की बाई म्हणते, "नमस्कार, येडू." त्याच आवाजात. तिला काहीच कळलेलं नाही. गावाला कळलं, मेंढरांनासुद्धा कळलं, ती दोन दिवस नीट चरली नाहीत. पण तिच्या हिशेबी मालक अजून आहेत, दारात काठी घेऊन उभे आहेत. मला तिचा असा हेवा आधी कधी वाटला नव्हता. माझ्याजवळ जे राहिलं नाही ते तिच्याजवळ आहे, आणि तिला त्याची किंमतही नाही.

एक दिवस वाटलं, हे तिला सांगायला पाहिजे. आणि घरच्या बाईनंच सांगायला पाहिजे. फोन तोंडापुढं धरला. ती म्हणाली, "नमस्कार, येडू. मी काय मदत करू?"

मी म्हणाले, "येडू न्हाईत. येडू मंगळवारी, धा डिसेंबर दोन हजार चोवीसला, सकाळी मेंढरं सोडायच्या वक्ताला वारले."