आईंच्या हातचं नाव

"बक्षिसांना मर्यादा घाल बाई," नणंदेनं बजावलं होतं. "पैसे वाढतात, हात वाढत नाहीत."

तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. ताईंनी स्वतः मोठे दिवे लावले होते! बाहुल्यांचं नाटक बसवायला त्यांनी इंटरनेटवर आवाहन करून लोकांकडून पैसे गोळा केले आणि पैसे लावणाऱ्या प्रत्येकाला हातानं केलेली बाहुली कबूल करून बसल्या. नाटक कधीच बंद पडलं, बाहुल्या अजून चालूच होत्या. ताईंच्या घरी सोफ्यावर टेकायचं तर आधी दोन-चार मुंडकी बाजूला सारावी लागत.

आपलं तसं होणार नाही, असं तिला वाटलं. प्रत्येकाला वाटतं.

सगळं सुरू झालं ते ठमीच्या दातांपायी. लेकीला दात येत होते आणि पुठ्ठ्याच्या पुस्तकातला अर्धा हत्ती तिनं खाऊन टाकला होता. मग हिनं लेकीसाठी धुता येईल असं कापडी पुस्तक शिवलं. सासूबाईंनी मुखपृष्ठावर साखळी टाक्यानं 'ठमी' असं नाव काढलं, इतकं सुबक की पाहणारा आधी बोट फिरवायचा, मग पान उलटायचा. शेजारणीनं मागितलं, शेजारणीच्या बहिणीनं मागितलं. पण शिवणकारखाना थोडक्या पुस्तकांसाठी कापड कापायला तयार नव्हता आणि मोठ्या कामाला पैसे नव्हते. घोडं तिथं अडलं.

"मग लोकांकडूनच उभे करू," ती म्हणाली. "क्राउडफंडिंग."

"म्हणजे वर्गणीच की," सासूबाई म्हणाल्या. "पावतीपुस्तक घेऊन दारोदार कोण फिरणार?"

"फिरायचं नाही, आई. वेबसाइटवर मांडायचं, काय करायचंय, किती पैसे लागतील, कधीपर्यंत. पटलं तर लोक आधी पैसे लावतात, पुस्तक मागाहून जातं. मुदतीत ठरलेली रक्कम भरली तर आपल्याला मिळते. नाही भरली तर ज्याचे त्याला परत."

"थोडी कमी पडली तरी?"

"तरी."

"बरंय. म्हणजे फजिती झाली तरी फुकटात."

व्हिडिओ तिनंच काढला. त्यात चेहरा कोणाचाच नव्हता, फक्त सासूबाईंचे हात, सुई आणि हळूहळू उमटणारं नाव. पैसे लावणाऱ्यांना बक्षीस म्हणून साधं पुस्तक हवं की बाळाचं नाव काढलेलं, हे निवडता येत होतं. दुसऱ्याला तिनं झोकात नाव दिलं, 'आईंच्या हातचं नाव'. त्याखाली एक चौकोन होता: जास्तीत जास्त किती जणांना? तो तिनं रिकामाच ठेवला. आधी गिऱ्हाईक तरी येऊ दे!

आणि गिऱ्हाईक येईना. ताईंनी हेही सांगितलं होतं, की आधी ओळखीच्यांना हक्कानं गाठ, रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही. पण हिला मागायची लाज. नुसतीच फोनवरच्या जमलेल्या रकमेकडे बघत बसायची. दूध उतू गेलं. भरवताना चमचा ठमीच्या नाकात गेला. नवरा म्हणाला, "तो आकडा काही अंडं नाही, सारखी ऊब द्यायला." ती त्याच्यावर खेकसली आणि पुन्हा फोन उघडून पाहिला.

शेवटी ताईंनीच आपल्या बाहुलीवाल्या लोकांना तो व्हिडिओ पाठवला. त्यांतल्या कोणी पुढं पाठवला, त्यानं आणखी पुढं, आणि मग भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. रक्कम भरली, दुपटीच्या पुढं गेली. साधं पुस्तक कोणाला नकोच होतं. सगळ्यांना ते हात हवे होते.

आनंदानं तिनं ठमीला उचलून गरगर फिरवलं. फिरवता फिरवताच तिची नजर पुन्हा आकड्यावर गेली.

"आई, एवढी नावं..."

"होईल गं," सासूबाई म्हणाल्या.

कारखान्यातून मुखपृष्ठांचे गठ्ठे येऊ लागले. सासूबाई खिडकीपाशी बसत आणि उजेड जाईपर्यंत उठत नसत. दर वेळी विचारलं की तेच, "होईल गं." पण सुनेची नजर पहिल्यापासूनच बारीक, ठमी शिंकली तरी कितव्यांदा हे तिला ठाऊक असायचं. ठमीच्या झबल्याचं, आजी लावायची ते वरचं बटण हल्ली उघडंच राहतं, हे तिला दिसलं. सासूबाई चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, तेही दिसलं. इतक्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर? एकदा ठमीनं आजीपुढं हात पसरले, तर आजी तिला उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली बसली. "तूच चढ बाई वर."

तिनं पुढं होऊन स्वेटरची बाही वर केली. अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टा होता.

"कधीपासून?"

"वय झालं की कुरकुरायचंच. तुझ्या पुस्तकाच्या पानांसारखं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. सुई बंद करा, नाही तर अंगठा कायमचा धरेल म्हणाले. त्यांचं काय जातंय? त्यांना कुठं बाळांची नावं काढायचीत!"

तिनं ताईंना फोन लावला.

"मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. आता पुढचं सांगा."

ताईंनी पुढचा टोमणा गिळला. त्यांचीही ती आईच होती. "खरं लिहून टाक सगळ्यांना. आजच. उशीर लोक पोटात घालतात गं, गप्प बसलेलं नाही. माझं तेच चुकलं."

तिनं लिहायला घेतलं. आईंचा अंगठा दुखावलाय, हातानं काढलेली नावं इथं थांबताहेत. उरलेली यंत्रावर भरून घेऊ. ज्यांना ते नको असेल त्यांचे पैसे परत. कापडाचे पैसे तर कधीच देऊन झाले होते, म्हणजे परत करायचे ते घरातूनच. मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"माझा हात चव्हाट्यावर मांडतेस? आणि दिलेला शब्द?"

"शब्द मी दिला होता, आई. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हात तुमचा होता."

"मग मला विचारून तरी..."

"तेच तर विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं."

तिनं बटण दाबलं.

उत्तरं येऊ लागली. यंत्राचं चालेल. पैसे परत द्या. फसवलंत. पुस्तक कधी मिळणार? पुस्तक कधी मिळणार? प्रत्येक टिंगसरशी ती दचकायची. मग एका अनोळखी बाईचा निरोप आला, एका ओळीचा: आजींचा अंगठा आता कसा आहे?

तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"कोण गं ही?"

"माहीत नाही."

"हिच्या बाळाचं नाव काय? एवढं एकच..."

"आई!"

सुयांचा डबा तिनं कपाटाच्या माथ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी झाडताना पडद्याच्या आतल्या बाजूला तिला एक सुई खोचलेली सापडली. दोरा ओवलेला. तेव्हापासून ती पडदे झटकते, उशा चाचपते, दुपारी खोलीत मधूनच डोकावते.

तुम्हीही कधी कोणाच्या हातची वस्तू आधी पैसे लावून मागवली असेल. ती यायला उशीर होत असेल, तर आज एक निरोप पाठवा. वस्तूचं नंतर विचारा, आधी हाताचं विचारा. आणि तुमच्या घरात कोणी "होईल गं" म्हणत असेल, तर हे वाचून झाल्यावर जरा उठा आणि ती कप कसा धरते ते बघून या.